प्रकल्प नोंदी : साडेआठचं बुलेटिन नव्या न्यूजरूम सॉफ्टवेअरवर

३ फेब्रुवारी २०२५

टीव्हीवरचं आमचं रात्री साडेआठचं बुलेटिन नव्या सॉफ्टवेअरवर नेण्याचं काम आजपासून माझ्याकडे. आतापर्यंतची पद्धत अशी: स्क्रिप्ट वर्डमध्ये, रनडाउन (बातम्यांची क्रमवार यादी) एक्सेलमध्ये, आणि ऐनवेळी बदल झाला की डेस्कवरून पीसीआरच्या (प्रक्षेपण चालवणाऱ्या नियंत्रण कक्षाच्या) दिशेने आरोळी. शेअर्ड फोल्डरमध्ये आज सकाळी तीन फाइली सापडल्या: 'रनडाउन फायनल', 'रनडाउन फायनल २' आणि 'रनडाउन फायनल हीच घ्या'. खरी कुठली, हे कोणालाच खात्रीने सांगता आलं नाही. टीपी ऑपरेटर वर्डमधला मजकूर एकेक करून टेलिप्रॉम्प्टरमध्ये (अँकरला वाचायचा मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावर) चिकटवतो. त्याने चिकटवल्यानंतर कोणी वाक्य बदललं तर अँकरसमोर जुनंच वाक्य येतं. एकदा तर आकडा दुरुस्त केल्याचं डेस्कला समाधान आणि पडद्यावर चुकीचाच आकडा वाचला गेला.

ठरलेलं वेळापत्रक: चार आठवडे दोन्ही पद्धती शेजारी शेजारी, ३ मार्चपासून एक्सेल बंद.

५ फेब्रुवारी

डेस्कला ओळख करून दिली. आधी दुसरीकडे असोसिएटेड प्रेसच्या ईएनपीएसवर किंवा अ‍ॅव्हिडच्या आयन्यूजवर काम केलेले दोघं आहेत, त्यांना यात नवं काही वाटलं नाही. कल्पना सगळीकडे एकच असते. एक बातमी म्हणजे एक पान. पानाच्या उजव्या बाजूला अँकरने वाचायचा मजकूर, डाव्या बाजूला दृश्य, बाईट (कोणाच्या तरी बोलण्याचा तुकडा), ग्राफिक्स यांच्या सूचना. अशा पानांची क्रमवार यादी म्हणजे रनडाउन. यादीत पान वरखाली केलं की प्रॉम्प्टर, ग्राफिक्स आणि क्लिप चालवणारी मशीन या सगळ्यांकडे क्रम आपोआप बदलतो.

बाकी वेळ स्लगवर वाद घालण्यात गेला. स्लग म्हणजे बातमीचं डेस्कवरचं टोपणनाव. काल रनडाउनमध्ये 'पाऊस' नावाची चार पानं होती. पीसीआरमध्ये कोणी "पाऊस काढ" म्हटलं तर ऑपरेटरने काय काढायचं? ठरलं ते असं: विषय, मग ठिकाण किंवा पैलू, मग प्रकार. 'पाऊस-धरण-पॅकेज', 'पाऊस-वाहतूक-एव्ही'. तारीख घालायची नाही, ती सॉफ्टवेअर ठेवतंच. 'महत्त्वाचं', 'अर्जंट', 'सरांनी सांगितलेलं' हे स्लग नव्हेत. तिसरा प्रकार आमच्याकडे खरोखर होता.

प्रकारांची नावंही एकसारखी केली. अँकर (फक्त वाचन), एव्ही (दृश्यांवर अँकरचा आवाज), एव्हीबी (त्याला जोडून बाईट), पॅकेज (रिपोर्टरच्या आवाजातली तयार बातमी), लाइव्ह, फोनो (फोनवरून बोलणं). आतापर्यंत एव्हीबीला 'व्हीओ-बाईट', 'एव्ही+बाईट' आणि नुसतंच 'बाईट' असंही लिहिलं जायचं. माणसाला ते कळतं. यंत्राला प्रत्येक वेगळा प्रकार वाटतो आणि मग त्या प्रकाराचा ग्राफिक्सचा साचा आपोआप लागत नाही.

७ फेब्रुवारी

पहिली ड्राय रन, म्हणजे प्रक्षेपणाशिवायची तालीम. कालचंच बुलेटिन नव्या सॉफ्टवेअरवर पूर्ण लिहून काढलं आणि स्टुडिओत वाचून पाहिलं.

अर्ध्या तासातून तीन-तीन मिनिटांचे दोन ब्रेक गेले की हातात २४ मिनिटं उरतात. रनडाउनच्या खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, ती बुलेटिन किती जास्त किंवा किती कमी भरतंय ते दाखवते. सुरू करण्याआधी चौकट म्हणत होती: १ मिनिट १० सेकंद कमी. म्हणजे आणखी एक-दोन छोट्या बातम्या मावतील. प्रत्यक्षात संपलो तेव्हा ३ मिनिटं १५ सेकंद जास्त झाली होती. अंदाज आणि वास्तव यांत ४ मिनिटं २५ सेकंदांची तफावत. हे खरं प्रक्षेपण असतं तर खेळाच्या बातम्या आणि हवामान दोन्ही उडाले असते.

डेस्कवर लगेच निकाल लागला, "सॉफ्टवेअर बोगस आहे." मला तसं वाटत नाही. या चौकटीला जे सांगितलंय तेवढंच ती जोडते. आपण तिला काय सांगितलंय हे आधी शोधायचं.

आणखी एक. धाकट्या अँकरने एका पानावर गंभीर चेहऱ्याने "बाईट घ्या, नंतर मी" असंही वाचलं. कोणीतरी सूचना उजव्या बाजूच्या मजकुरात लिहून ठेवली होती. समोर आलं ते तिने वाचलं, तिची काही चूक नाही. हसून झाल्यावर लक्षात आलं की तो मजकूर वेळेतही मोजला गेला होता.

१० फेब्रुवारी

तफावतीचा मोठा भाग सापडला.

वाचायच्या मजकुराची वेळ सॉफ्टवेअर सरळ काढतं: शब्द मोजायचे, वाचनगतीने भागायचे. प्रत्येक अँकरच्या नावापुढे गतीचा रकाना असतो. आमच्याकडे दोघींच्या नावापुढे मिनिटाला १८० शब्द, म्हणजे सेकंदाला तीन. हा आकडा कोणी भरला? कोणीच नाही, तो सॉफ्टवेअरबरोबर आला. इंग्रजीला तो शोभतो. मराठीत 'इन द डिस्ट्रिक्ट्स'चं 'जिल्ह्यांमध्ये' होतं. तीन शब्दांचा एक शब्द, पण तोंडाला तेवढाच वेळ लागतो. विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, म्हणून आपले शब्द मोजायला कमी आणि वाचायला लांब.

मग स्टॉपवॉच घेऊन बसले. ३२० शब्दांची एक स्क्रिप्ट केली, तिच्यात एकही आकडा नाही, एकही लघुरूप नाही. ताईंनी (थोरल्या अँकर, सगळे त्यांना ताईच म्हणतात) ती २ मिनिटं ५१ सेकंदांत वाचली, धाकटीने अडीच मिनिटांत. म्हणजे ताईंची गती ११२ आणि धाकटीची १२८. प्रत्येकीकडून तीनदा वाचून घेतलं, एक-दोन सेकंदांपलीकडे फरक पडला नाही. इतका सम वेग मी तरी राखू शकले नसते.

शुक्रवारच्या ड्राय रनमध्ये वाचायचे शब्द साधारण १३००, दोघींनी निम्मे-निम्मे वाचलेले. १८० च्या गतीने ७ मिनिटं १३ सेकंद. खऱ्या गतीने १० मिनिटं ५३ सेकंद. इथेच ३ मिनिटं ४० सेकंद सापडली. एका पानाची बाईटची वेळ भरायचीच राहिली होती, ते २२ सेकंद. उरले २३ सेकंद, त्यांचा पत्ता अजून नाही.

दोघींच्या गतीत फरक आहे याचा दुसरा अर्थ असा की ऐनवेळी अँकर बदलली तर बुलेटिनची लांबी बदलते. १३०० शब्द ताई एकट्याने वाचतील तर ११ मिनिटं ३६ सेकंद, धाकटी एकटी वाचेल तर १० मिनिटं ९ सेकंद. जवळपास दीड मिनिट. एक्सेलच्या काळात हे दीड मिनिट कुठून यायचं आणि कुठे जायचं, याचा उलगडा आज झाला. तेव्हा आम्ही त्याला 'आजचा दिवसच तसा होता' म्हणायचो.

११ फेब्रुवारी

राहिलेले २३ सेकंद आकड्यांमध्ये लपले होते.

'२,३७,४५०' हा सॉफ्टवेअरच्या लेखी एक शब्द. अँकरच्या तोंडी 'दोन लाख सदतीस हजार चारशे पन्नास', सहा शब्द. '१४.६' म्हणजे 'चौदा पूर्णांक सहा दशांश', चार शब्द. 'कि.मी.' म्हणजे किलोमीटर, हे निदान एकास एक. शुक्रवारच्या स्क्रिप्टमध्ये असे एकोणीस आकडे निघाले. मोठ्याने म्हणून मोजले तर पासष्ट शब्द. सेहेचाळीस शब्द सॉफ्टवेअरच्या हिशेबातून निसटले होते. सेकंदाला साधारण दोन शब्द, म्हणजे तेवीस सेकंद. इतकं तंतोतंत जुळल्यावर मला संशयच आला, पुन्हा मोजलं. जुळतंय.

उपाय म्हणून नवा नियम: प्रॉम्प्टरवर जाणाऱ्या मजकुरात आकडे अक्षरी. याने वेळ बरोबर येतेच, वाचनही सुधारतं. मराठीत एक ते नव्व्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र नाव आहे. ६९ समोर आला की 'एकोणसत्तर' की 'एकोणऐंशी', असा अर्ध्या क्षणाचा अडखळा अनुभवी अँकरलाही होतो. 'एकोणसत्तर' लिहिलेलं असेल तर नुसतं वाचायचं असतं.

लेखकांची कुरकुर: लिहायला वेळ लागतो. खरं आहे. पण त्यामुळे एक चांगली गोष्ट आपोआप घडली. 'दोन लाख सदतीस हजार चारशे पन्नास' टंकायचा कंटाळा आला की माणूस 'सुमारे दोन लाख सदतीस हजार' लिहितो, आणि ऐकणाऱ्याला तेवढंच पुरतं. नेमका आकडा ग्राफिक्सच्या पट्टीत अंकांमध्ये द्यायचा. कानाला अंदाजे, डोळ्याला नेमका.

१२ फेब्रुवारी

दुसरी ड्राय रन. चौकट: १२ सेकंद जास्त. प्रत्यक्षात: १९ सेकंद जास्त. "बोगस आहे" म्हणणारा आज काही बोलला नाही, फक्त येऊन चौकटीचा फोटो काढून गेला.

१४ फेब्रुवारी

प्रॉम्प्टर जोडायचा दिवस. सकाळी नऊला सुरू केलं, संध्याकाळी सहाला सुटलं.

न्यूजरूम सॉफ्टवेअर आणि बाकीची उपकरणं एकमेकांशी 'मॉस' नावाच्या प्रोटोकॉलमधून बोलतात. १९९८ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांनी एकत्र बसून त्याची सुरुवात केली, तोवर प्रत्येक उपकरणासाठी वेगळा जोड लिहावा लागायचा. निरोप एक्सएमएलमध्ये जातात: हा रनडाउन बनव, ही बातमी इथे घाल, ही काढ, मी अजून जिवंत आहे. शेवटच्या निरोपाला 'हार्टबीट' म्हणतात. दोन मुख्य पोर्ट (निरोप ये-जा करायची दारं) लागतात. उपकरणं आपल्याकडच्या क्लिप, ग्राफिक्स वगैरेंची माहिती न्यूजरूमला १०५४० वर पाठवतात. न्यूजरूम रनडाउन उपकरणाला १०५४१ वर पाठवतं. आयटीवाल्याने फायरवॉलमध्ये पहिलाच उघडला होता. त्यामुळे इकडे सगळं हिरवं दिसत होतं आणि प्रॉम्प्टर कोराच. दुपारचे बारा.

दुसरा पोर्ट उघडल्यावर प्रॉम्प्टरवर मजकूर आला खरा, पण देवनागरीचं एक अक्षर नाही. विरामचिन्हं, मधूनच आकडे, आणि प्रत्येकामध्ये भलीमोठी रिकामी जागा. कोणी म्हणालं फॉन्ट नाही. फॉन्ट टाकला, तसंच. कोणी म्हणालं प्रॉम्प्टरला मराठी येतच नाही. पण कालपर्यंत तर चिकटवलेलं मराठी नीट दिसत होतं.

मग मी एकच शब्द असलेलं पान पाठवलं: 'बातमी'. समोर आलं ते असं: स्वल्पविराम, 'पेक्षा मोठे'चं चिन्ह, डॉलर, टिंब आणि @. पाच चिन्हं. 'बातमी'त ब, काना, त, म, दीर्घ वेलांटी अशी पाचच युनिकोड चिन्हं आहेत. म्हणजे मजकूर हरवला नव्हता, चुकीचा वाचला जात होता.

आमच्या मॉस आवृत्तीच्या नियमानुसार मजकूर यूसीएस-२ या पद्धतीत जातो: प्रत्येक चिन्हाला दोन बाइट, मोठा बाइट आधी. प्रॉम्प्टर मात्र यूटीएफ-८ ही दुसरी पद्धत समजून एकेक बाइट वाचत होता. देवनागरीच्या बहुतेक सगळ्या चिन्हांचा पहिला बाइट ०९, आणि ०९ म्हणजे जुन्या आस्कीमध्ये (इंग्रजी चिन्हांच्या संकेतयादीत) टॅब! ती भलीमोठी रिकामी जागा तिथून आली. 'ब'चा दुसरा बाइट २सी, तो आस्कीत स्वल्पविराम. 'त'चा २४, तो डॉलर. पानभर स्वल्पविराम का सांडले होते ते कळलं. प्रॉम्प्टरच्या सेटिंगमध्ये एक पर्याय बदलला आणि 'बातमी' उमटली. टीपी ऑपरेटरने टाळ्या वाजवल्या. नऊ तासांत आलेला एक शब्द.

१८ फेब्रुवारी

प्रॉम्प्टर चालतोय, पण ताईंनी तालमीत मध्येच थांबून विचारलं, "हे शेतकर्यांना काय आहे?"

पडद्यावर 'शेतकऱ्यांना'च्या जागी य वर रफार बसला होता. सगळीकडे नाही, काही बातम्यांत. दोन तास शोधल्यावर कळलं की चूक लिहिण्याच्या सवयीत आहे. 'ऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो. एक, ऱ (नुक्त्याचा र), हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक आणि य. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. पण वर्डमधून चिकटवलेला मजकूर आमचं सॉफ्टवेअर 'स्वच्छ' करतं तेव्हा न दिसणारी चिन्हं काढून टाकतं. जोडक गेला की उरतो र, हलन्त, य, आणि त्याचा होतो रफार.

हे नुसतं दिसण्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण 'दऱ्या' आणि 'दर्या' यांत डोंगर आणि समुद्राचं अंतर आहे. 'आचाऱ्यांचा सत्कार' आणि 'आचार्यांचा सत्कार' हे दोन वेगळे कार्यक्रम आहेत. वाचताना अँकर संदर्भाने सावरेल, पण तेच वाक्य ग्राफिक्सच्या पट्टीत गेलं तर सावरायला तिथे कोणी नाही.

सगळ्यांच्या कीबोर्डवर पहिलीच पद्धत लावली आणि जुन्या मजकुरासाठी शोधा-बदला चालवलं. एक फायदा नंतर लक्षात आला. आता शोधात 'शेतकऱ्यांना' टाकलं की सगळ्या बातम्या सापडतात. आधी निम्म्याच सापडायच्या, कारण यंत्राला ते दोन वेगळे शब्द होते.

२० फेब्रुवारी

ग्राफिक्स. आमच्याकडे कॅस्परसीजी आहे, स्वीडनच्या एसव्हीटी या सार्वजनिक वाहिनीने बनवलेलं मुक्त सॉफ्टवेअर. साचे तयार आहेत, लेखकाने स्क्रिप्टच्या डाव्या बाजूला अ‍ॅस्टनचा साचा निवडून नाव आणि हुद्दा भरायचा. नाव-हुद्द्याच्या पट्टीला अ‍ॅस्टन का म्हणतात हे नव्या मुलांनी विचारलं: त्या नावाचं जुनं कॅप्शन मशीन होतं, मशीन गेलं, नाव राहिलं.

पट्टीला ३० चिन्हांची मर्यादा घातली होती आणि साधी नावंही कापली जायला लागली. मर्यादा युनिकोड चिन्हं मोजत होती. 'मुख्यमंत्री' डोळ्याला चार अक्षरं, युनिकोडमध्ये अकरा चिन्हं. मर्यादा काढून पट्टीच्या रुंदीवर बांधली: मजकूर मावत नसेल तर लेखकाला तिथेच लाल दिसेल.

२४ फेब्रुवारी

आज सॉफ्टवेअरचं काहीच नाही, फक्त लिखाणाचं. चार जणांच्या स्क्रिप्ट शेजारी शेजारी उघडून बसलो. वर्डमध्ये त्या ठीक वाटायच्या, प्रॉम्प्टरच्या रुंदीत त्या उघड्या पडतात. एका ओळीत चार-पाच शब्द. बत्तीस शब्दांचं वाक्य सात ओळी खातं, आणि क्रियापद येईपर्यंत अँकरचा श्वास संपतो. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे लांब वाक्यात ऐकणाऱ्याला काय घडलं हे सगळ्यात शेवटी कळतं. छापील मजकुरात मागे जाऊन वाचता येतं. बुलेटिनमध्ये नाही.

एका स्क्रिप्टमधलं वाक्य: 'गेल्या आठवड्यात झालेल्या मुसळधार पावसामुळे नुकसान झालेल्या पिकांचे पंचनामे तातडीने पूर्ण करण्याचे आदेश प्रशासनाला देण्यात आले आहेत.' दुरुस्त केल्यावर: 'पिकांचे पंचनामे तातडीने पूर्ण करा, असे आदेश प्रशासनाला मिळाले आहेत. गेल्या आठवड्यातल्या मुसळधार पावसाने पिकांचं नुकसान झालं होतं.' शब्द जवळपास तेवढेच. पण आता पहिल्या वाक्यात बातमी आहे.

दुसरी खोड जास्त त्रासदायक. अँकरची ओळख आणि पॅकेजचं पहिलं वाक्य एकच. अँकर म्हणते 'धरण भरलं', पॅकेज सुरू होतं 'धरण भरलं'. याचं कारण एक्सेलमध्ये होतं. ओळख लिहिणारा आणि पॅकेज लिहिणारा एकमेकांचं वाचतच नव्हते, दोघांच्या फाइली वेगळ्या. आता दोन्ही एकाच पानावर आहेत, निदान डोळ्यांसमोर तरी येतात.

बाईटच्या शेवटचे चार शब्द स्क्रिप्टमध्ये लिहायचेच, ही जुनी सक्ती पुन्हा आणली. हा आउटक्यू नसेल तर पीसीआरमध्ये बाईट संपला की नाही हे अंदाजाने ठरतं. वक्ता श्वास घ्यायला थांबला की व्हिजन मिक्सर (दृश्यं बदलणारा ऑपरेटर) कापतो.

२५ फेब्रुवारी

कुलूप. एकाने पान उघडलं की दुसऱ्याला ते फक्त वाचता येतं. चांगली सोय, पण एक ज्येष्ठ सहकारी पान उघडं ठेवून चहाला गेले आणि हेडलाइन पंधरा मिनिटं अडकली. दहा मिनिटं हालचाल नसेल तर कुलूप सुटेल असं लावलं. त्यांना पटलं नाही. "मी विचार करत असतो," म्हणाले.

२७ फेब्रुवारी

काल रात्रीच्या समांतर चाचणीत एका पाहुण्याच्या चेहऱ्याखाली दुसऱ्याच माणसाचं नाव लागलं. प्रक्षेपणात नव्हतं, नशीब. चूक माझीच. रोज कोरा रनडाउन बनवायला नको म्हणून मी परवाच्या रनडाउनची प्रत काढत होते. मजकूर पुसला, पण डाव्या बाजूचे ग्राफिक्सचे संदर्भ तसेच राहिले. ते संदर्भ म्हणजे नुसता मजकूर नसतो, ग्राफिक्स मशीनवरच्या विशिष्ट वस्तूकडे दाखवणारा ओळख क्रमांक असतो. नवी बातमी, जुना क्रमांक.

आता रिकामा नमुना रनडाउन वेगळा बनवलाय: ओपनिंग, हेडलाइन, ब्रेक, खेळ, हवामान, क्लोजिंग. त्यात एकही ग्राफिक्स वस्तू नाही. प्रत फक्त त्याचीच काढायची. जुन्या रनडाउनवरची 'प्रत काढा' ही आज्ञाच सगळ्यांसाठी बंद केली, माझ्यासाठी आधी.

३ मार्च

एक्सेल बंद. खरं प्रक्षेपण.

बॅक-टाइम बघायची सवय पीसीआरला लावणं हा आजचा खरा कस होता. नऊला बुलेटिन संपलंच पाहिजे. क्लोजिंग २० सेकंदांचं, म्हणजे ते २०:५९:४० ला सुरू व्हायला हवं. त्याआधीचं हवामान ४५ सेकंद, म्हणजे २०:५८:५५. त्याआधी खेळाचं दीड मिनिटाचं पॅकेज, म्हणजे २०:५७:२५. सॉफ्टवेअर शेवटून वर असं उलटं मोजत जातं आणि प्रत्येक पानापुढे 'हे इतक्या वाजता सुरू व्हायलाच हवं' ती वेळ लिहितं. पुढून मोजलं तर आपण किती उशिरा आहोत हे शेवटी कळतं. मागून मोजलं तर प्रत्येक पानावर कळतं.

पहिला भाग सुरळीत. दुसऱ्या ब्रेकमध्ये फोन आला, १ मिनिट ५० सेकंदांचं पॅकेज एडिटमधून निघालंच नाही. तोपर्यंत आम्ही १० सेकंद जास्त होतो. पान 'फ्लोट' केलं: ते रनडाउनमध्येच राहतं, पण वेळेतून आणि प्रॉम्प्टरवरून बाहेर पडतं. चौकट झाली १ मिनिट ४० सेकंद कमी. राखीव ठेवलेल्या तीन एव्ही बातम्या आत घेतल्या, ३५, ३५ आणि ३० सेकंदांच्या. प्रॉम्प्टरवर क्रम बदलला तेव्हा धाकटी पाणी पीत होती. तिला काही सांगावं लागलं नाही, आणि मी आरोळीही दिली नाही. २ सेकंद आधी संपलो.

पॅकेज ९ वाजून ४ मिनिटांनी आलं.

६ मार्च

बुलेटिनच्या मध्यावर प्रॉम्प्टरचा नेटवर्कचा धागा तुटला. हार्टबीट थांबला, इकडे पान लाल झालं. प्रॉम्प्टरकडे आधी आलेला मजकूर शिल्लक होता, त्यामुळे वाचन थांबलं नाही, पण नंतर केलेले दोन बदल पोचले नाहीत. ताईंच्या समोर छापील पानं होती, त्यांनी त्यावरून वाचलं. मागच्या आठवड्यात कोणीतरी "आता कशाला छापायचं" म्हणून कागद बंद करायला निघालं होतं. छपाई चालू राहणार.

छपाईसाठी पानांचे क्रमांक आठ वाजता गोठवतो. पहिल्या ब्रेकपर्यंत ए१, ए२ असं, मग बी, मग सी. गोठवल्यानंतर ए३ आणि ए४ च्या मध्ये बातमी घुसली तर तिला ए३क. नाहीतर पुढच्या सगळ्या पानांचे क्रमांक सरकतात आणि अँकरच्या हातातला गठ्ठा आणि पीसीआरची यादी यांचा संबंध उरत नाही.

१० मार्च

ताईंचं बुलेटिन गेल्या आठवड्यात दोनदा २० ते २५ सेकंद लांबलं. गती पुन्हा मोजली, ११२ च. मग रेकॉर्डिंग लावून प्रत्येक पान वेगळं मोजलं. अपघाताची आणि निधनाची बातमी त्या ९५ च्या आसपास वाचतात, खेळाची १२० च्या. सरासरी ११२. बुलेटिनमध्ये दुःखाच्या बातम्या जास्त असल्या की सरासरी खोटी पडते.

त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग काय, निधनाची बातमी क्रिकेटसारखी वाचू?" अजिबात नको. पानापुरती वेळ हाताने भरता येते, अशा बातम्यांना तशी भरायला सुरुवात केली आहे. शब्द भागिले ९५. स्लगच्या शेवटी '-शांत' असं लिहितो, म्हणजे रनडाउन बघणाऱ्याला कळतं की इथली वेळ हाताने भरलेली आहे.

१४ मार्च

चौकट: ३ सेकंद जास्त. प्रत्यक्षात: ४ सेकंद जास्त. क्लोजिंगच्या म्युझिकमध्ये जिरलं.

राहिलेली कामं: लाइव्हसाठी वेळ कशी धरायची यावर अजून एकमत नाही. रिपोर्टर दीड मिनिट सांगतो आणि तीन बोलतो, त्याची वाचनगती कुठल्या रकान्यात भरायची? आर्काइव्हमध्ये जुन्या वर्ड फाइली आणायच्या आहेत, त्यातल्या बऱ्याच युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या. सोमवारी नवीन अँकर रुजू होतेय. साडेदहाला तिला ३२० शब्दांची स्क्रिप्ट द्यायची, स्टॉपवॉच माझ्या खणात आहे.